दारासमोर रोज दुसऱ्याच्या कुत्र्याची शी, तुम्ही काय करता?

सडारांगोळी
सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी, सकाळी सकाळी हा विषय काढतेय, चहा घेत असाल तर आधी संपवा आणि मग वाचा.

आम्ही पुण्यात कोथरूडच्या बाजूला एका जुन्या बंगल्यांच्या गल्लीत राहतो. गल्ली छोटी, दोन्हीकडे झाडं, रहदारी कमी, त्यामुळे आजूबाजूच्या तीन-चार सोसायट्यांमधले सगळे श्वानप्रेमी सकाळी सहा ते सात आमच्याच गल्लीत. एक लॅब्रॅडॉर, एक पग, एक हस्की (पुण्याच्या उन्हाळ्यात हस्की! त्या जिवाची मला खरंच दया येते) आणि एक छोटं पांढरं केसाळ, ज्याची जात मला सांगता येणार नाही पण त्याच्या मानाने त्याचं कर्तृत्व फार मोठं आहे. आमच्या फाटकाशेजारी बकुळीचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी हा सगळा कार्यक्रम होतो. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, अजूनही रोज सडा घालून चार ठिपक्यांची का होईना रांगोळी काढतात, तर आता त्यांना रांगोळीच्या आधी खाली वाकून तपासणी करावी लागते.

मालक लोकांची एक ठरलेली पोज आहे. कुत्रं गोल गोल फिरायला लागलं की हे मोबाइल काढतात. ते बसलं की हे झाडावरचे पक्षी बघतात. ते उठलं की हे एकदम घाईत असतात.

बोलून बघितलं. एकाने सांगितलं "मुकं जनावर आहे, त्याला काय कळतं", मी म्हटलं त्याला नाही हो, तुम्हाला कळतं का ते विचारतेय, तर राग आला. दुसऱ्या बाई म्हणाल्या खत होतं की झाडाला. तिसऱ्याने तर रस्ता तुमच्या नावावर आहे का असं विचारलं. चोर तो चोर वर शिरजोर.

आणि आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशी. त्यांचा खराटा त्यात एकदा गेला की पुढची अख्खी गल्ली त्याच खराट्याने झाडायची असते. परवा पाऊस झाला होता, सगळं चिखलात कालवलेलं, त्या फाटकाशी येऊन म्हणाल्या वहिनी बादलीभर पाणी द्या ओ. मला इतकी लाज वाटली, चूक माझी नसताना.

तर विचारायचं असं की याला काही कायदा आहे का, भांडण न होता बोलायचं कसं, आणि फिनेल व्हिनेगर तिखट यातलं काही खरंच चालतं का? कुत्र्यांना त्रास होईल असं काही करायचं नाहीये, आमच्याकडेही पूर्वी मोती होता.

बाटलीवाला
सकाळी ८:०५

निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या नाहीत का अजून? नीळ घालून प्लास्टिकच्या बाटल्या फाटकापाशी लावायच्या, कुत्री घाबरतात म्हणे. आमच्या आख्ख्या कॉलनीने ठेवल्या होत्या, काहींनी कुंकू घालून लाल केल्या होत्या, लांबून सरबताची दुकानं मांडल्यासारखं दिसायचं. तिसऱ्या दिवशी एका बॉक्सर कुत्र्याने माझ्याच बाटलीवर पाय वर केला. तेव्हापासून विज्ञानावर विश्वास बसला.

फिनेल पण फुकट. वास एक-दोन तासांत जातो आणि पावसाळ्यात तर मिनिटांत. तिखट मात्र टाकू नका हो, जनावराच्या नाकात डोळ्यांत जातं, आणि सासूबाई अनवाणी असतील तर त्यांनाही लागेल.

ब्रूनोचीआई
सकाळी ९:३०

मी पण कुत्रेवाली. आधीच सांगते म्हणजे दगड मारायचे असतील त्यांना सोपं पडेल 🙂

तुमचं १०० टक्के बरोबर आहे, यात बचाव करण्यासारखं काही नाही. पण लोक का उचलत नाहीत हे आतल्या गोटातून सांगते. पहिलं म्हणजे किळस. स्वतःच्या पोराची शी काढलेली असते पण ही नको वाटते, आणि खरं सांगू तर ब्रूनो आला तेव्हा पहिला आठवडा मी पण तोंड फिरवून निघून गेलेय, एकदा शेजारच्या शाळकरी मुलीने "काकू तुमचं राहिलं" असं मागून ओरडून सांगितलं, भर रस्त्यात, तेव्हापासून पेपर घेतल्याशिवाय दार ओलांडलेलं नाही. दुसरं म्हणजे उचलून टाकायचं कुठे. पुण्यात रस्त्यावरच्या कचराकुंड्या बऱ्याचशा काढून टाकल्यात, ते चांगलंच झालं, पण मग हातात ती पुडी घेऊन दोन किलोमीटर फिरायचं का असा प्रश्न पडतो. (हो, फिरायचं. मी फिरते.)

आणि तिसरं कारण, हे कोणी लक्षात घेत नाही. बऱ्याच घरी कुत्रं फिरवायला मालक जातच नाही. पगारी मुलगा असतो, नाहीतर ड्रायव्हर, वॉचमन, कामवाल्या ताई. त्यांना पट्टा हातात देतात, पिशवी कोणी देत नाही. एकेका पोराकडे सकाळी चार-चार कुत्री. त्याला तुम्ही ओरडलात तर तो बिचारा उद्या पुढच्या गल्लीत जाईल, बस. मालकाला पत्ताच नसतो. तर आधी बघा की पट्टा कोणाच्या हातात आहे.

उचलायची पद्धत सांगते, कारण न जमण्याचं नाटक करणारे पुष्कळ आहेत. रद्दी पेपरचं डबल पान घडी घालून खिशात. कुत्रं वास घेत गोल फिरायला लागलं की पान उघडायचं आणि बसलं की मागून अलगद खाली सरकवायचं. पहिल्यांदा ते दचकतं, चार दिवसांत सवय होते. रस्त्याला लागतच नाही काही. पुडी बांधून घरी आणायची, आतलं कमोडमध्ये टाकून फ्लश, पेपर मात्र कमोडमध्ये नाही टाकायचा. आणि कचऱ्यात टाकणार असाल तर नीट गुंडाळून वेगळं द्या, ओल्या कचऱ्यात लपवून देऊ नका, त्या बायका हाताने कचरा वेगळा करतात. सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढून देतो ना आपण, तसंच यावर पण काहीतरी खूण करा आणि नेणाऱ्या ताईंना सांगून ठेवा.

तिरकस
सकाळी ९:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, विषय आठवला, ठेवून दिले.

सडारांगोळी ताई, पुण्यात राहून पाटी लावली नाही? मी मसुदा देतो:

"आपण आमच्या फाटकाशी रोज सकाळी आपली वस्तू विसरून जात आहात. कृपया ओळख पटवून घेऊन जावी. न नेल्यास घरपोच करण्यात येईल."

(ह.घ्या., पण शेवटचं वाक्य हलकं घेऊ नका)

जनावरांचा डॉक्टर
दुपारी १:१५

खताचा मुद्दा आला म्हणून लिहितो, क्लिनिकमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकतो मी हे. गाय गवत-कडबा खाते, शेण हे बहुतांशी अर्धवट पचलेला चारा असतो, म्हणून ते सारवायला चालतं, गोवऱ्या होतात. कुत्रं मांस, अंडी, पेलेट खातं. त्याच्या विष्ठेत जंतांची अंडी आणि जिवाणू असू शकतात, आणि घरगुती कंपोस्टच्या ड्रममध्ये ते मरण्याइतकी उष्णता सहसा होत नाही. त्यामुळे बकुळीचं भलं वगैरे काही होत नाही, खालची माती तेवढी खराब होते.

त्यातला महत्त्वाचा जंत म्हणजे टोक्सोकारा, साधा गोल जंत. पिल्लांमध्ये तर फारच, आईकडून पोटातच येतो. गंमत अशी की ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत, ती मातीत दोन-चार आठवडे पडून राहिली की मग संसर्गक्षम होतात. म्हणजे "वाळली, पावसात वाहून गेली, आता काय" असं आपण म्हणतो तेव्हाच खरी गडबड सुरू होते, कारण दिसणारं गेलेलं असतं आणि अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात. मातीत खेळणारं आणि हात तोंडात घालणारं मूल हे त्याचं गिऱ्हाईक. क्वचित डोळ्यालाही इजा होते. हुकवर्म या दुसऱ्या जंताच्या अळ्या तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात, नागमोडी लाल खाजरी रेघ उठते. आजींना चप्पल घालून रांगोळी काढायला सांगा.

कुत्रेवाल्यांना त्यांच्या फायद्याचं सांगितलं तर पटकन पटतं असा माझा अनुभव. पार्व्होचा विषाणू शीतूनच पसरतो आणि जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतो. लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्याच झाडाशी हुंगायला गेलं की संपलं. म्हणजे तुमच्या कुत्र्याने केलेली आणि तुम्ही न उचललेली घाण दुसऱ्याच्या पिल्लाचा जीव घेऊ शकते. लस आणि जंताचं औषध वेळेवर घ्या, मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं, पिल्लाला त्याहून बरंच लवकर लवकर.

कलम_कसाई
दुपारी २:४०

कायद्याचं विचारलंय म्हणून. मुंबईत महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींमध्येच पाळीव प्राण्याच्या घाणीला ५०० रुपये दंड लिहिलेला होता. पुण्यातही घाण करणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार महापालिकेला आहे, रक्कम बदलत असते त्यामुळे क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आरोग्य निरीक्षकाला विचारा, सध्याचा आकडा तोच सांगेल. तक्रार करताना फोटोत वेळ आणि जागा दिसू द्या. पोलिसांकडे जायचं म्हटलं तर भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाचं कलम २९२ आहे, एक हजारापर्यंत दंड, पण ठाण्यात जाऊन कुत्र्याच्या शीची तक्रार लिहून घ्या म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असेल.

दुसरी बाजू पण ऐका, कारण सोसायट्या इथे हमखास चुकतात. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. कुत्रा पाळायला बंदीचा ठराव करता येत नाही, आमसभेत बहुमताने केला तरी नाही. लिफ्टबंदी, कुत्रा ठेवल्याबद्दल वेगळे पैसे, हेही नाही. आणि शी उचलायची सक्ती किंवा दंड हा सोसायटीने स्वतःच्या मनाने लावायचा नाही, विनंती करायची असं त्यात आहे. मालकांनाही त्याच कागदात उचलायला सांगितलंय, फक्त तेवढा परिच्छेद कोणी व्हॉट्सॲपवर पाठवत नाही.

खरंबोलतो
दुपारी ३:१०

भटक्या कुत्र्यांचं काय मग?? ती काय पेपर घेऊन फिरतात का? सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातली सगळी उचला म्हटलं आणि अकरा दिवसांत आदेश बदलला, नसबंदी लसीकरण करून परत तिथेच सोडा. आधी त्यांना खायला घालणाऱ्या लोकांना धरा मग आम्हा टॅक्स भरणाऱ्यांना शहाणपण शिकवा

तिरकस
दुपारी ३:१४

"आम्हा"? म्हणजे तुमच्याकडे कुत्रं आहे तर. कोणत्या गल्लीत फिरवता?

सडारांगोळी
दुपारी ४:००

@खरंबोलतो, भटकी पण करतात, नाही कोण म्हणतं. पण आमच्या गल्लीत दोनच आहेत, ती कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये झुडपात जातात. त्यांना मोकळं सोडलंय म्हणून ती आडोसा शोधतात, पट्ट्यातल्याला बिचाऱ्याला जिथे थांबवाल तिथे बसावं लागतं. धागा भटक्यांवर नेऊ नका प्लीज, तो विषय निघाला की दोनशे प्रतिसाद होतात आणि माझी बकुळ तशीच राहते.

डॉक्टर, धन्यवाद. सासूबाईंना वाचून दाखवलं. चप्पल घालून रांगोळी काढायला त्या तयार नाहीत, फरशीचा तुकडा ठेवून त्यावर काढते म्हणाल्या.

म्युनिककर
संध्याकाळी ७:२०

इथे जर्मनीत कुत्र्यावर चक्क कर आहे, म्युनिकमध्ये वर्षाला १०० युरो, कुत्र्याच्या गळ्यात नंबरचा बिल्ला. बागांच्या तोंडाशी पिशव्यांचे डबे लावलेले असतात, ओढायची पिशवी, उचलायचं, टाकायचं. आपल्याकडचे नवीन आलेले लोक पण आठवड्याभरात शिकतात, त्यातले काही पुण्याचेच, जे सुट्टीत घरी गेल्यावर परत झाडावरचे पक्षी बघत असणार 😄

पण इथेही सगळे सोवळे नाहीत हं. पिशवीत भरतात आणि ती पिशवी गाठ मारून जंगलात फांदीला लटकवून जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे नुसती टाकली असती तर निदान कुजली तरी असती. न्यूयॉर्कमध्ये मालकाने उचललंच पाहिजे हा कायदा १९७८ मध्ये आला, त्याच्या आधी तिकडचे फूटपाथ पण आपल्यासारखेच होते, सांगायचा मुद्दा हा की गोऱ्यांच्या रक्तात काही वेगळं नसतं.

झाडणवालीचा_मुलगा
रात्री १०:४५

इथे फक्त वाचतो, लिहित नाही कधी. आज लिहितो.

माझी आई महापालिकेत झाडणकामाला होती, रिटायर झाली. पहाटे साडेपाचला हजेरी, मग ठरलेला पट्टा, खराटा घरून नाही तर महापालिकेच्या हजेरीच्या कोठीवरून. ती कमरेला पिशवी बांधायची त्यात नारळाची करवंटी आणि राख. शी दिसली की आधी राख टाकायची, थोडं थांबायचं, करवंटीने उचलायची, मग झाडायचं. राख नसली तर रस्त्याकडेची माती. हे तिला कोणी शिकवलेलं नाही, बायका बायकांनी आपापसात काढलेली युक्ती. पानगळीच्या दिवसात पानांखाली असायची ती दिसायची नाही, खराट्याच्या काड्यांत बसायची आणि मग तो खराटा हापश्यावर धुवायचा तर तिथले लोक ओरडायचे.

तिला कुत्री नावानिशी माहीत होती सगळी. मालकांची नावं माहीत नव्हती. "रॉकीच्या घरचे चांगले आहेत, उचलतात" एवढीच तिची ओळख. एकदा एका साहेबांनी तिलाच हाक मारून दाखवलं की इथे राहिलंय बघ, काढ. त्यांच्याच कुत्र्याचं होतं, कुत्रं शेजारीच उभं होतं. ती काढून आली आणि घरी येऊन आम्हाला सांगताना हसत होती. मी तेव्हा नववीत होतो, मला हसू नाही आलं.

सडारांगोळी ताई तुम्ही पाणी दिलंत ते बरं केलं. एक जुना मग बाहेर नळापाशी ठेवून द्या, मागायला लागू नये.

ब्रूनोचीआई
रात्री ११:०२

यावर काही लिहायचं सुचत नाहीये. उद्यापासून आमच्या सोसायटीच्या पेट ग्रुपवर सगळ्यांना विचारणार आहे, पट्टा धरणाऱ्या पोराला पेपर दिलाय का ते. चिडले तर चिडले.

सडारांगोळी
नऊ दिवसांनंतर, सकाळी ८:१०

अपडेट द्यायला आले. मग ठेवलाय नळापाशी, त्याच दिवशी ठेवला. मावशींना नाव विचारलं, इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

ब्रूनोच्या आईने सांगितल्याप्रमाणे पट्टा कोणाच्या हातात आहे ते बघितलं. लॅब्रॅडॉरला फिरवणारा मुलगा पगारी निघाला, बीडकडचा आहे, इथे कॉलेज करतो आणि सकाळी तीन कुत्री फिरवतो. मी रागावणार म्हणून आधीच पळायच्या तयारीत होता. त्याला म्हटलं बाबा तुझ्यावर राग नाही, कोणाकडे कामाला आहेस तेवढं सांग. मग त्या घरी गेले, दुपारी, मुद्दाम सकाळी नाही, हातात नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन, म्हणजे दार तरी उघडतील. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आमचा सिंबा तर घरी एवढा स्वच्छ आहे म्हणाल्या. म्हटलं असणारच, सगळं आमच्याकडे येतं. हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पोराच्या खिशात पेपर दिसायला लागला.

फाटकाला जुन्या पेपरांचा गठ्ठा सुतळीने टांगलाय, वरच्या पानावर "घ्या" एवढंच लिहिलंय. पगवाले काका लाजत लाजत एक पान घेतात आता. एक आजोबा रोज अख्खा पेपर काढून नेतात, त्यांच्याकडे कुत्रं नाही, शब्दकोडं सोडवत असावेत.

पांढऱ्या केसाळवाल्या बाई (खतवाल्या) अजून तशाच. डॉक्टरांचा प्रतिसाद प्रिंट काढून द्यावा का असा विचार चाललाय, पण त्यांच्याकडे नातू आहे लहान, त्या बाजूने बोलून बघेन आधी.

आणि हस्की. त्या गृहस्थांनी (रस्ता तुमच्या नावावर आहे का वाले) परवा तिरकस यांची पाटी वाचली. हो, लावली मी पाटी, "घरपोच"सकट. पूर्ण वाचली, मान हलवली आणि हस्कीला घेऊन रस्ता ओलांडून समोरच्या कुलकर्ण्यांच्या फाटकाशी गेले. काल संध्याकाळी कुलकर्णी काकूंचा फोन आला, तावातावाने बोलतील म्हणून मी तयारीत होते, तर त्यांनी एवढंच विचारलं की पाटी कुठल्या पेंटरकडून करून घेतलीस आणि दोन घेतल्या तर कमी करतो का.

तिरकस
सकाळी ८:१५

मानधन वड्यांच्या रूपात चालेल.